फेट्याला चालतो, कुर्त्याला नाही

मागच्या डिसेंबरात कोल्हापूरला चुलतभावाचं लग्न होतं. हल्ली पत्रिकेच्या आधी कलर पॅलेट येतं तसं आमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, हळदीला पिवळा (तो काय ठरलेलाच), संगीतला वाईन, आणि मुहूर्ताला घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी ऑनियन पिंक कुर्ता. नवरीकडच्यांची हौस मोठी, त्यांनी कुर्ते शिवूनच पाठवले, प्रत्येक पिशवीला नावाची चिठ्ठी टाचून. लग्नाच्या सकाळी कार्यालयाच्या वरच्या खोलीत नुसता कल्ला, कुणाला नाडी सापडत नाही, कुणाची मोजडी एका साइजने लहान, कोपऱ्यात फेटेवाला आणि त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत आमचे धाकटे काका. फेटा बांधून घेताना माणूस आपोआप ताठ बसतो तसे बसलेले. फेटेवाल्याचा पोऱ्या पलीकडच्या भिंतीपाशी कापडाचं टोक ताणून उभा, फेटेवाला पीळ देत देत काकांच्या डोक्याभोवती फिरतोय, आणि फेट्याचा रंग म्हणाल तर राणी. साधासुधा नाही, डोळ्यात घुसणारा, ट्यूबलाइटखाली अक्षरशः पेटलेला राणी. तेवढ्यात काकूने पिशवीतून कुर्ता काढून समोर धरला. काकांनी मान न हलवता (हलवली असती तर फेटेवाला ओरडला असता) फक्त डोळे खाली केले, कुर्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्ये असलं बायकी मी घालणार न्हाई. माझा पांढरा आण."

कुणीच हसलं नाही.

खोली माणसांनी भरलेली, निम्म्यांच्या डोक्यावर राणी फेटे, आणि कुणालाच यात काही गंमत वाटली नाही. मी एकटीच हसले. म्हटलं, "काका, मग डोक्यावर काय आहे?" त्यांनी आरशात बघितलं, तुरा जरा सरळ केला आणि शांतपणे सांगितलं, "ह्यो फेटा हाय गं." विषय संपला. काकू पांढऱ्या कुर्त्याला इस्त्री शोधायला गेली. पुढे अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाठवणीला रडारड झाली, मी परत नवी मुंबईला आले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण काका तसे जुनाट वगैरे माणूस नाहीत. मुलीला बुलेट त्यांनीच शिकवली, काकू भिशीच्या ट्रिपला गेली की आठवडाभर स्वयंपाक तेच करतात आणि तिच्यापेक्षा बरा करतात (हे काकूच म्हणते). त्यामुळे 'पुरुषप्रधान मानसिकता' असं लेबल लावून मोकळं होता येईना. लेबल लावलं असतं तर हा लेख चार ओळींत संपला असता.

आणि कोल्हापूरच्या माणसाने गुलाबीला बायकी म्हणावं हेच मुळात अजब आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेला ज्याने एकदा डोंगर बघितलाय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल. लहानपणी आम्ही टेम्पोतून जायचो. खाली केर्ली सोडलं की वाटेतली माणसं गुलाबी दिसायला लागायची, वर पोचेपर्यंत पायऱ्या गुलाबी, भिंती गुलाबी, देवळाच्या शिखराला गुलाबी, गाढवं गुलाबी, नारळवाल्याचे नारळ गुलाबी. घरांच्या दुप्पट-तिप्पट उंचीच्या सासनकाठ्या पोटाशी धरून नाचवणारे पुरुष, दंडाच्या शिरा तट्ट फुगलेल्या, ओठ, पापण्या, मिशा सगळं गुलालाने भरलेलं, आणि गर्दीतून एकदम उसळणारं "जोतिबाच्या नावानं चांगभलं." गुलाल आणि खोबरं वरून येऊन पडायचं. खोबऱ्याचा तुकडा डोक्यात बसला तर चांगलाच लागतो, हे कुणी सांगत नाही. नाकात गुलाल, वर दवण्याचा तो उग्र गोडसर वास, त्यात घाम. त्या माणसांपेक्षा जास्त 'मर्द गडी' दिसणारी माणसं मी आजतागायत बघितली नाहीत आणि ती नखशिखांत गुलाबी होती.

निवडणुकीत तेच. गुलाल कुणाचा, हाच प्रश्न असतो, मतं कुणाची हा नाही. ग्रामपंचायत असो, साखर कारखाना असो, दूध संघ असो, निकाल लागला की हलगी, गुलाल, बुलेटचे फटफटाट, आणि अलीकडे तर जेसीबीच्या बकेटमधून गुलाल. कुस्ती मारली, गुलाल. बैलगाड्याची शर्यत जिंकली, गुलाल, आणि बैलालाही गुलाल. हरलेल्याच्या अंगावर मात्र एक कण नसतो, तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत घरी येतो आणि त्याची बायको दार उघडताना बघूनच ओळखते. आमच्याकडे गुलाबी हा असा जिंकलेल्या पुरुषाचा रंग.

बायका या सगळ्यात कुठे असतात तर दारात ओवाळायला, गॅलरीत बघायला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत. गुलालाशी आईचं जे काही नातं होतं ते धुण्याचं. बाबांचा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायचा, पाणी पहिल्यांदा राणी, मग गुलाबी, मग फिक्कट, तरी संपायचं नाही. शर्टाचं एक वेळ निभावून जायचं, बनियनचं काही खरं नसायचं. काखेपाशी आणि गळ्याच्या पट्टीला गुलाल मुरून बसायचा, आईने नीळ घालून बघितलं तर बनियन जांभळट झालं, सोडा घालून बघितलं तर विरलं. मग ती नाद सोडायची. बाबा पुढचा महिनाभर बेबी पिंक बनियन घालून, वरून पांढरा शर्ट चढवून, बँकेत जायचे. शर्टाच्या पातळ कापडातून ते गुलाबी हलकंसं दिसायचं सुद्धा. त्यांना कधी लाज वाटल्याचं आठवत नाही. कुणी विचारलं तर छाती पुढे काढून सांगायचे, "गुलालाचं हाय."

मग बायकी कधी झाला हा रंग?

मुलगा-मुलगी ओळखायला आपल्याकडे रंगाची गरजच नव्हती, आपला कोड मिठाईचा होता. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा एकीत बर्फी, पोटुशीने एक उघडायची आणि बायकांनी हो हो करून हसायचं. बाळ झाल्यावर मुलगा असेल तर पेढे, मुलगी असेल तर बर्फी, काही घरांत जिलबी. पेढा चांगला की बर्फी यावर बोलायला नको, कुठल्या वाटीला जास्त टाळ्या पडायच्या ते सगळ्यांना माहितीये. पण बाळ स्वतः? ते आजोबांच्या जुन्या धोतराच्या नाहीतर आजीच्या विरलेल्या नऊवारीच्या दुपट्यात. बाळ यायच्या आधी नवीन कपडे आणायचेच नाहीत, अपशकून. आणि बारशापर्यंत जे अंगावर चढायचं ते आधीच्या पाच-सहा पोरांनी घालून मऊ केलेलं, त्यात पोरगा कोण पोरगी कोण कोण बघतं. माझ्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत माझ्या अंगावर दादाचा झबला आहे, रंग कळत नाही कारण फोटो ब्लॅक अँड व्हाइट, आईला विचारलं तर म्हणाली "असेल काहीतरी."

याउलट आमची मामेबहीण टेक्सासला. तिची जेंडर रिव्हील पार्टी (पोटात मुलगा की मुलगी ते सगळ्यांसमोर जाहीर करायचं) आम्ही सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर बघितली, इकडे मध्यरात्र. मोठा काळा फुगा, नवऱ्याने टाचणी लावली, आतून गुलाबी कागदांचा पाऊस, सगळे गोरे-काळे-मराठी शेजारी किंचाळले. मामी शेजारी बसून बघत होती, मला हळूच म्हणाली, "हे आपल्याकडं केलं तर जेल हुईल न्हवं?" अगदी बरोबर. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली, आणि १९९४ साली तो केंद्राचा झाला. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी वाचत वाचत सोनोग्राफीच्या बाकड्यावर बसायचं हा आपल्याकडच्या प्रत्येक बाईचा अनुभव. तिकडे त्याच मशीनने नेमकं उलटं केलं. ऐंशीच्या दशकात बाळाचं लिंग आधी कळायला लागलं आणि दुकानदारांची चंगळ झाली, कारण बाळ यायच्या आधीच पाळण्यापासून भिंतीपर्यंत सगळं एका रंगात घेता येऊ लागलं, आणि पुढच्या वेळी मुलगा झाला तर सगळं परत घ्यावं लागू लागलं. फुगा बिचारा नंतर आला, २००८ मध्ये एका अमेरिकन ब्लॉगरने केकच्या आत गुलाबी क्रीम भरलं तिथून. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात असल्याच एका पार्टीतल्या धुराच्या फटाक्याने जंगल पेटलं आणि आग विझवायला गेलेला एक जवान मेला. त्या ब्लॉगरनेच स्वतः जाहीर सांगितलं की आपण हे काय सुरू करून ठेवलं म्हणून. तिच्या त्या केकवाल्या मुलीला पुढे सूट घालायला आवडायला लागले होते.

आता इथे नेटवर कुणीतरी हमखास येऊन सांगतं की "अहो पूर्वी उलटं होतं, गुलाबी मुलग्यांचा होता आणि निळा मुलींचा." याला आधार आहे. १९१८ साली अमेरिकेतल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने छापलं होतं की गुलाबी हा जास्त ठाम, जोरकस रंग, म्हणून तो मुलग्यांना, आणि निळा नाजूक, तो मुलींना. १९२७ मध्ये टाइम मासिकाने मोठ्या दुकानांचा तक्ता दिला, तर कुठे असं कुठे तसं. पण ही गोष्ट लोक सांगतात तितकी गोंडस नाही. २०१२ मध्ये एका संशोधकाने स्कॅन केलेल्या लाखो जुन्या पुस्तकांत शोधाशोध केली तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून 'मुलीला गुलाबी' हाच उल्लेख जास्त सापडला. म्हणजे उलटापालट वगैरे काही झाली नसावी, नुसता घोळ होता, ज्या दुकानात जो माल पडून तो खपवायचा. मला हेच जास्त पटतं. दादरच्या कुठल्याही साडीच्या दुकानात गादीवर बसा, शेल्फवर जे पडून आहे ते "मॅडम हाच चाललाय सध्या" असतं.

गुलाबी माणसाला काय करतो, म्हणजे मेंदूला, यावरही एक भारी किस्सा आहे. १९७९ साली सिएटलच्या नौदल तुरुंगात एका कोठडीला आतून बबलगम गुलाबी रंग मारला. अलेक्झांडर शाउस नावाच्या माणसाची आयडिया, त्याचं म्हणणं की हा रंग बघितला की आडदांड माणसाचीही ताकद गळते, पंधरा मिनिटांत कैदी थंड. तुरुंगातल्या ज्या दोन अधिकाऱ्यांनी हे करू दिलं त्यांच्या नावावरून तो रंग बेकर-मिलर पिंक म्हणून फेमस झाला. मग लाटच आली. आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल कोचने, जो स्वतः सायकॉलॉजी शिकलेला, पाहुण्या टीमची ड्रेसिंग रूम गुलाबी करून टाकली, आजही ती गुलाबी आहे, लॉकर, मुताऱ्या सगळं. स्वित्झर्लंडमध्ये कोठड्या गुलाबी झाल्या. आणि पुढे नीट तुलना करून, पांढऱ्या कोठडीतले कैदी आणि गुलाबी कोठडीतले कैदी असं मोजून बघितलं तर फरक शून्य. रंगाने कुणी थंड होत नाही. पण मला त्या आयोवाच्या कोचचं कौतुक वाटतं, त्याला रंगाच्या परिणामाशी घेणंदेणं नसणार. पाहुण्या टीमला आत शिरल्या शिरल्या कळलं पाहिजे की तुम्हाला आम्ही बायका समजतो, एवढंच. त्याला भिंत गुलाबी करायला पुरली. जोतिबावर तोच रंग अंगावर घेऊन तरणी पोरं दिवसभर डोंगरावर काठ्या नाचवतात, त्यांची ताकद गळाल्याचं काही दिसत नाही.

२००७ मध्ये इंग्लंडमधून आणखी एक अभ्यास आला होता की बायकांना लालसर छटा जास्त आवडतात, कदाचित आदिम काळात त्या फळं-बोरं वेचायच्या म्हणून. मला आठवतंय, तेव्हा ऑफिसात ही बातमी प्रिंट काढून नोटिस बोर्डावर लावली होती एकाने आणि आठवडाभर आम्हाला "काय, बोरं वेचायला चाललात का" असं चालू होतं. त्याच अभ्यासात पुरुष-बायका दोघांनाही निळसर छटा आवडत होत्याच, ते बातमीत आलं नाही. मग २०२१ मध्ये काही संशोधकांनी वेगळं केलं, पेरूतल्या ॲमेझॉनच्या काठची, वानुआटूच्या बेटावरची, काँगोच्या जंगलातली मुलं, जिथे खेळण्यांची दुकानं पोचली नाहीत, त्यांना रंग निवडायला सांगितले. पोरी-पोरांत गुलाबीच्या बाबतीत फरक नाही. ऑस्ट्रेलियातल्या शहरी मुलांत मात्र ठळक फरक. मला स्वतःला यापेक्षा एक जुना छोटा प्रयोग जास्त लक्षात राहिलाय. अगदी रांगत्या बाळांपासून पाच वर्षांपर्यंतच्या पोरांसमोर दोन सारख्या वस्तू ठेवायच्या, एक गुलाबी एक दुसऱ्या रंगाची. बाळांना काही पडलेली नसते. अडीचच्या आसपास मुली गुलाबी उचलायला लागतात. आणि त्याच सुमाराला, आपण मुलगा आहोत हे कळायला लागलं की, मुलगे गुलाबी सोडून दुसरं काहीही उचलतात. मुलींचं उचलणं सगळे बघतात, मुलग्यांचं टाळणं कुणी बघत नाही. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांनी फेटा बांधून घेताना ते दिसतं.

माझं म्हणाल तर मीही टाळणाऱ्यांतलीच. इंजिनीअरिंगला मेकॅनिकलला आम्ही इनमीन चार मुली, वर्कशॉपच्या निळ्या एप्रनमध्ये बुडून गेलेल्या. तेव्हा ठरवूनच टाकलेलं की पिंक नाही. दप्तर काळं, पेन काळं, छत्री काळी. हॉस्टेलवर आईने पाठवलेली गुलबक्षी रंगाची शाल मी उशीच्या आत भरून ठेवलेली. कारण व्हायव्हाला सर आधीच "तुला काय करायचंय लेथ मशीन, लग्न होऊन जाशील" म्हणत, त्यात गुलाबी रुमाल काढून घाम पुसला असता तर झालंच. नोकरीतही तेच, प्लांटवर गुलाबी हेल्मेट देऊ केलं होतं एकदा, 'लेडीज स्पेशल' म्हणून, मी पिवळंच मागून घेतलं. पंचेचाळिशीनंतर कधीतरी, काही न ठरवता, राणी रंगाची पैठणी घेतली आणि नेसून आरशात बघितलं तर इतकी छान दिसत होते की रागच आला, इतकी वर्षं कुणाला दाखवायला काळ्यात फिरले म्हणून. राग कुणावर ते अजून ठरलेलं नाही.

सरकारी पिंकचं तर मला कळतच नाही काय वाटून घ्यावं. पिंक ई-रिक्षा, निवडणुकीत गुलाबी फुग्यांनी सजवलेलं सखी मतदान केंद्र, दिल्लीत २०१९ मध्ये बसमध्ये बायकांसाठी सुरू झालेलं फुकट प्रवासाचं गुलाबी तिकीट. रात्री अकराला स्टेशनबाहेर रांगेत एक गुलाबी रिक्षा आणि आत बाई ड्रायव्हर दिसली की हायसं वाटतं, खोटं कशाला बोलू. आणि मतदान केंद्रावर "ताई या, इकडे गुलाबी फुग्यांकडे" म्हणाले की वाटतं मी मत द्यायला आलेय की माझं केळवण आहे. २०२४ च्या विधानसभेला अजित पवार गुलाबी जॅकेट घालून महाराष्ट्रभर फिरले, व्यासपीठ गुलाबी, बॅनर गुलाबी, समोर बसलेल्या बहिणींसाठी. टिंगल केलेल्यांनी केली, निकालात ४१ आमदार आले. त्यात जॅकेटचं किती आणि महिन्याच्या १५०० रुपयांचं किती ते ज्याने त्याने बघावं. पण मला त्या सगळ्यात बुंदेलखंडातल्या संपत पाल आठवत होत्या. २००६ च्या सुमारास बांदा जिल्ह्यात त्यांनी गुलाबी गँग उभी केली, गुलाबी साडी आणि हातात लाठी, बायकोला मारणाऱ्याच्या दारात जाऊन बसायचं. गुलाबीच का, तर बाकीचे रंग पक्षांनी आणि धर्मांनी आधीच वाटून घेतलेले, हा एक मोकळा होता. यात नाजूक-बिजूक, मुलींचा रंग वगैरे काही नाही, उरलेला उचलला. मला आवडतं हे.

नंतर एकदा फोनवर काकांना मी पुन्हा छेडलंच. म्हटलं काका, फेटा चालतो, गुलाल चालतो, कुर्ता का नाही, खरं सांगा. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "फेटा मान म्हणून बांधत्यात. गुलाल लोक टाकत्यात. कुर्ता म्हंजे मी जाऊन दुकानातनं आणल्यासारखं वाटतंय की." मी म्हटलं पण कुर्ता पण तुम्हाला पाठवलेलाच होता की. तर म्हणाले, "ते लोकांस्नी काय म्हाईत?"

याच्यावर मी खूप विचार केला. दोन हजारची नोट गुलाबी होती, २०१६ ला आली आणि २०२३ ला परत घेतली, तोवर किती बापयांनी ती पाकिटाच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवली, कुणाला बायकी वाटली नाही. शेअर बाजारवाले सकाळी सकाळी गुलाबी पेपर काखोटीला मारून लोकल पकडतात, लंडनचा फायनान्शियल टाइम्स १८९३ पासून त्या रंगाच्या कागदावर छापतात म्हणून. २०१९ मध्ये ईडन गार्डन्सवर बांगलादेशविरुद्ध आपली पहिली गुलाबी चेंडूची टेस्ट झाली, कारण लाइटखाली लाल चेंडू तपकिरी दिसतो, अख्खं कोलकाता गुलाबी दिव्यांनी उजळलेलं, कोहलीला कुणी काही म्हणालं नाही. या सगळ्यात गुलाबी दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला असतो, रिझर्व्ह बँकेने, बोर्डाने, जिंकलेल्या पॅनेलच्या पोरांनी. पुरुषाच्या अंगावर तो पडतो, त्याच्या डोक्यावर बांधला जातो, त्याच्या खिशात येतो. तोवर सगळं ठीक. घोळ तिथे होतो जिथे दहा रंगांतून एकावर बोट ठेवून 'मला हा आवडला' म्हणावं लागतं. बायकी म्हणतात ते बहुतेक त्या आवडण्याला, हौसेला. आणि हौस ही बायकांच्या खात्यावर आपण कधीची टाकून मोकळे झालोय, पुरुषाने फार तर हौस पुरवायची. काकांना रंगाचं काही नाही, आपण हा निवडला असं दिसेल त्याचं आहे.

हिवाळ्यात सीवूड्सच्या बाजूला खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. नवी मुंबईकरांना त्यांचं आता काही अप्रूप राहिलेलं नाही, रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवून फोटो काढणारे बाहेरचे ओळखू येतात. मुलाला घेऊन गेले होते, तो आठ वर्षांचा, शंका संपत नाहीत. "यातली आई कुठली?" ओळखू येत नाही म्हटलं, दोघं सारखेच गुलाबी, बाबा फार तर थोडा उंच. पिल्लं जन्मतात राखाडी, पाण्यातलं शेवाळ आणि झिंगे खाऊन खाऊन मग गुलाबी होतात. त्याने बराच वेळ दुर्बिणीतून बघितलं आणि विचारलं, "नाही खाल्लं तर?" तर फिके पडतात. "मग मी पण भेंडी नाही खाल्ली तर चालेल." याचा कशाशी संबंध ते मला कळलं नाही पण त्याच्या डोक्यात तो होता.

यंदा नवरात्रात याच्या शाळेचा मेसेज आला, नऊ रंगांचा तक्ता, आणि गुलाबीच्या दिवसापुढे कंसात, 'मुलग्यांकडे नसल्यास पांढरा चालेल'. बाकी कुठल्याच रंगापुढे कंस नाही. नारिंगी सगळ्यांकडे असतो वाटतं. मी ग्रुपवर विचारलं हे असं का, तर दोन अंगठे आले आणि एकीने लिहिलं, "अहो मिळतच नाही हो दुकानात." मला वाटलं थाप असेल. गेले बघायला, मुलग्यांच्या सेक्शनला नेव्ही, ग्रे, मस्टर्ड, डायनासोर, परत नेव्ही. सेल्समन म्हणाला, "बॉईजमध्ये पिंक ठेवत नाही मॅडम, उचलतच नाही कोणी." मग कुणी उचलत नाही म्हणून ठेवत नाही की ठेवत नाहीत म्हणून उचलत नाहीत, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्याला संध्याकाळपर्यंत उभं राहायचं होतं. पलीकडे मुलींच्या सेक्शनला प्लेन गुलाबी शर्ट मिळाला, ना फ्रिल ना फुलपाखरू, चांगलं जाड सुती कापड. चिरंजीवांना घरी घालून बघितला, मापाला बरोबर. रंगाबद्दल हूं की चूं नाही, मी तर आत कुठेतरी भाषण तयार ठेवलेलं. त्याने छातीवर हात फिरवला, मग दोन्ही बाजूंना, मग मागे वळून आरशात बघितलं.

"मम्मा, खिसा कुठाय?"

नव्हताच. मुलींच्या शर्टाला नसतोच बहुधा, इतकी वर्षं मी स्वतःच्या कुर्त्यांना शिवून घेते तरी हे माझ्या लक्षात आलं नाही. त्याला खोडरबर, दोन कार्ड आणि एक चपटा दगड ठेवायला जागा हवी होती आणि ती नसलेला शर्ट तो घालणार नव्हता, रंग कुठलाही असो. रात्री आठ वाजता खालच्या अल्टरेशनवालीकडे पळाले. तिने शर्ट उलटा करून शिवण बघितली, म्हणाली होईल, पण याच रंगाचं कापड नाहीये माझ्याकडे, दुसरं लावलं तर दिसून येईल.

म्हटलं, येऊ दे दिसून, फक्त जरा मोठा कर.